एकराला सत्तावीस ग्रॅम लोखंड

नागपूरचं मिहान मागे टाकून वर्धा रोडनं निघालं की पऱ्हाटी आणि तुरीच्या मधून एखादी संत्र्याची बाग लागते. जमीन चुनखडीची असली तर तिथे एक नवल दिसतं. कोवळी पानं पिवळी, पण त्यांच्या शिरा मात्र हिरव्या! बागायतदाराला निदान ठाऊक असतं. जमिनीत लोह आहे, पण मुळांना ते उचलता येत नाहीये. मग हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, पाण्यात विरघळवून फवारतात. पानांना पुन्हा रंग चढतो.

हाच रोग समुद्राला झाला तर? आणि कुणी हिराकस घेऊन समुद्रावरच उपचार करायला निघालं तर?

निघाले होते की! गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथले वाजीह नक्वी आणि जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेचे व्हिक्टर स्मेटाचेक यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी 2009 मध्ये 'पोलरस्टर्न' हे जहाज केपटाउनहून दक्षिण महासागराकडे निघालं. मोहिमेचं नाव लोहाफेक्स.

इतक्या लांब कशाला? कारण दक्षिण महासागर हे एक कोडंच आहे. त्या पाण्यात नायट्रेट भरपूर, फॉस्फेट भरपूर, उन्हाळ्यात दिवस लांबलचक. तरीही वनस्पती-प्लवक, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या तरंगत्या वनस्पती, तिथे विरळच. अमेरिकेच्या समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिननं निदान केलं: लोह नाही. भर समुद्राला लोह पोचतं ते बरंचसं वाऱ्यावर उडून येणाऱ्या धुळीतून, आणि या समुद्रापासून वाळवंटं फार दूर. अर्धं टँकर-जहाज लोखंड मिळालं तर हिमयुग आणून दाखवीन, असं तो 1988 मध्ये गमतीनं म्हणाला होता.

गंमत खरी, पण तिच्यामागे गणित होतं. लोहाच्या एका अणूच्या जोरावर प्लवक कार्बनचे हजारो, कधी लाखभर अणू बांधतं. पृथ्वीवरचं जवळपास निम्मं प्रकाशसंश्लेषण हे अदृश्य जीव करतात. ते मरून खोल तळाकडे गेले की हवेतून घेतलेला कार्बन शतकानुशतकं तिथेच राहतो.

पर्यावरणवाद्यांनी हरकत घेतली, जर्मन सरकारनं प्रयोग थांबवला आणि जहाज समुद्रात असतानाच 26 जानेवारीला परवानगी दिली. मग शास्त्रज्ञांनी एक प्रचंड, संथ फिरणारा भोवरा निवडला. आतलं पाणी त्याच्या आतच राहतं, म्हणजे नैसर्गिक प्रयोगशाळाच. तिथल्या 300 चौरस किलोमीटरवर त्यांनी दोन टन लोह सोडलं, पुढे आणखी दोन टन. एका वेळचा हिशेब करून बघा: एकराला 27 ग्रॅम. बागेला इतकंसं खत कुणी घातलं तर शेजारी हसतील. समुद्रात मात्र हरितद्रव्य दुप्पट झालं!

आता ते प्लवक तळाला जायचं. 39 दिवस शास्त्रज्ञ टिपत राहिले, पण कार्बन काही नेहमीपेक्षा जास्त बुडाला नाही. गेला कुठे? पोटात. कोपेपॉड नावाचे झिंग्यांचे चिमुकले भाऊबंद तुटून पडले आणि प्लवक फस्त करत राहिले. खाल्लेल्यातला बराच कार्बन श्वासावाटे परत पाण्यात आला. त्या कोपेपॉडांवर थेमिस्टो नावाचे त्यांच्याहून मोठे जीव आले, आणि हे थेमिस्टो म्हणजे माकूल व देवमाशांचं खाद्य. हवा साफ करायला गेले आणि जेवणावळ घालून आले!

याच जहाजानं 2004 मध्ये केलेल्या प्रयोगात मात्र प्लवकाचा निम्म्याहून अधिक बहर हजार मीटरच्या खाली उतरला होता. फरक कशाचा? काचेचा. तेव्हा वाढले होते डायटम. हे प्लवक सिलिका वापरून स्वतःभोवती खरोखरच काचेची पेटी बांधतं, त्यामुळे ते सहजी खाल्लं जात नाही आणि पटकन बुडतं. लोहाफेक्सच्या पाण्यात सिलिका जवळपास नव्हतीच, म्हणून डायटम दहा टक्क्यांहूनही कमी. लोह दिलं, पण काच कुठून आणायची? माझ्या मते हा प्रयोग फसला नाही. चार टनांच्या हिशेबात समुद्रानं आपली सगळी वही उघडून दाखवली.

हवामान बदलावरच्या चर्चेत अशा उपायांना भू-अभियांत्रिकी म्हणतात. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीनं 2018 च्या अहवालापासून त्यांची दोन खाती केली आहेत: हवेतला कार्बन काढणं वेगळं, सूर्यप्रकाश अडवणं वेगळं. ते बरंच झालं. दुसऱ्या खात्याचा दाखला ज्वालामुखीनं दिला. जून 1991 मध्ये फिलिपिन्सच्या पिनाटुबोनं दीड-दोन कोटी टन सल्फर डायॉक्साइड वर फेकला, त्यापासून बनलेल्या पडद्यानं थोडा सूर्यप्रकाश अडवला आणि पुढच्या वर्षी जग सुमारे अर्ध्या अंशानं थंड झालं. माणसानं हे करायचं तर विमानं लागतील. मिहानमध्ये दुरुस्तीला येणारी बोइंग विमानं अकरा-बारा किलोमीटर उंचीवरून जातात. या कामाला उष्ण कटिबंधात वीसेक किलोमीटर उंची हवी, तीही टनावारी ओझं घेऊन. तशी विमानं अजून कुणी बांधलेली नाहीत.

आणि बांधली तरी आकाशात भोवरा कुठून निवडणार? पिनाटुबोचा ढग सुमारे तीन आठवड्यांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आला होता. अ‍ॅलन रॉबॉक या हवामानशास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये संगणकावर असा पडदा उभारला, तेव्हा आशियातला मोसमी पाऊस कमी झालेला दिसला. किती कमी आणि नेमका कुठे, हे मॉडेलागणिक बदलतं. मॉडेलबाहेर येऊन ते तपासायचं, तर अख्ख्या पावसाळ्यावरच तपासावं लागेल.