अंगठा लागेपर्यंत

बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातलं एक गाव. ग्रामपंचायतीला लागून असलेल्या खोलीत बँक सखीचं, म्हणजे बँकेच्या वतीने गावातच पैसे देणाऱ्या प्रतिनिधीचं केंद्र आहे. एक टेबल, लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन, पावती छापणारं छोटं यंत्र आणि कुलूप असलेला गल्ला, एवढाच सरंजाम. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये जमा झाल्याची बातमी आली, की सकाळपासून दारात चपलांचा ढीग पडतो. गर्दीच्या दिवसांत तिथे बसून मी हे काम पाहिलं.

खात्यातला पैसा हातात येतो तो असा. सखी आधी विचारते, "मावशी, खातं कोणत्या बँकेत?" मग यादीतून ती बँक निवडायची, आधारचे १२ आकडे टाकायचे, रक्कम टाकायची आणि बोट ठेवायला सांगायचं. बोटाचा ठसा आधारच्या नोंदीशी ताडला जातो. तो जुळला की मावशींच्या खात्यातून रक्कम वजा होते आणि सखीच्या खात्यात जमा होते. तेवढीच रोकड सखी गल्ल्यातून मोजून देते. एका वेळी जास्तीत जास्त १०,००० रुपये निघतात. बँक कोणतीही चालते. त्यामुळे ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडे गेलेलं जोडपंसुद्धा फडाजवळच्या गावात अंगठा लावून बीडच्या खात्यातले पैसे काढू शकतं. मुकादमाच्या उचलीवर हंगाम काढणाऱ्या घराला आपल्या नावावरचे पैसे परगावी मिळणं, ही फार मोठी सोय आहे.

पण बोट सहजासहजी लागत नाही. वर्षानुवर्षं कोयता धरून आणि मोळ्या बांधून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. थंडीत कातडी फुटली की आणखी पंचाईत. सखी ओल्या फडक्याने बोट पुसते, कोरडं करते, मशीनची काच पुसते. "आजी, दाबू नका, नुसतं टेकवा," असं पुन्हा पुन्हा सांगते, कारण जोर दिला की ठसा फिसकटतो. उजवा अंगठा नाही लागला तर डावा, मग तर्जनी, मग मधलं बोट. कुणाचं कोणतं बोट लागतं हे तिने वहीत टिपून ठेवलंय. पुढच्या खेपेला त्या आजींचा अर्धा तास वाचतो.

दुसरा घोळ खात्यांचा. अनेक बायकांची दोन-तीन बँकांत खाती आहेत. सरकारी मदत मात्र आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. मावशी म्हणतात, "पैसे आलेच नाहीत." मग सखी एकेका बँकेचं नाव निवडून शिल्लक पाहते. बचत गटासाठी कधीतरी उघडलेल्या आणि विसरलेल्या खात्यात दोन-तीन हप्ते साठलेले सापडतात.

आणि गल्ला? व्यवहार कागदावर कितीही चोख असला तरी रोकड संपली की काम थांबतं. हप्त्याच्या दिवशी दुपारपर्यंत सखीच्या खात्यात पैसे साठतात आणि गल्ला रिकामा होतो. मग तालुक्याच्या शाखेत जाऊन रोकड आणायची; एसटीच्या वेळा सांभाळायच्या आणि पैशांची जोखीम स्वतः घ्यायची. केनियात २००७ साली सुरू झालेल्या एम-पेसा या मोबाइल-पैसा सेवेच्या एजंटांचंही रोजचं गणित हेच आहे: फोनमधली शिल्लक आणि हातातली रोकड यांचा मेळ. मोबाइलवरचा पैसा गरिबाच्या उपयोगी पडतो तो असा मेळ घालणारं माणूस जवळ असेल तरच.

रिझर्व्ह बँकेने २००६ साली अशा प्रतिनिधींमार्फत बँकसेवा द्यायला परवानगी दिली. २८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजना सुरू झाली आणि खात्यांचा आकडा ५० कोटींच्या पुढे गेला. ही खाती चालती ठेवण्याचा भार या टेबलांवर आहे. सखीला पैसे मिळतात ते बँकेकडून, पार पडलेल्या व्यवहारामागे. ग्राहकाकडून तिने काही घ्यायचं नसतं. फसलेल्या प्रयत्नांना कमिशन नाही. म्हणजे सर्वांत झिजलेल्या बोटांवर सर्वांत जास्त वेळ जातो आणि त्या वेळेचा मोबदला शून्य. ही रचना अन्यायाची आहे. बँकांनी सखीला ठरावीक मासिक मानधन द्यायलाच हवं.

या कामात लबाडीलाही जागा आहे. "लागलं नाही, परत लावा" म्हणत दोनदा पैसे काढायचे आणि एकदाच द्यायचे, हा प्रकार वाचता न येणाऱ्यांच्या बाबतीत सहज खपतो. म्हणूनच या सखीची पद्धत मला मोलाची वाटली. बोट ठेवण्याआधी ती रक्कम मोठ्याने सांगते, नोटा समोर मोजते, पावती देते आणि उरलेली शिल्लक वाचून दाखवते. रेंज जाऊन व्यवहार अर्धवट राहिला तर तीही पावती हातात देते. खात्यातून पैसे वजा झाले पण व्यवहार पूर्ण झाला नाही, तर ते पाच दिवसांत परत यायला हवेत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९चा नियम आहे. ही भरपाई मागायची वेळ आली तर पावती हाच पुरावा.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरातली, शेतावरची, कामावरची कुणी बाई अंगठा लावून पैसे काढत असेल तर तिला तीन गोष्टी नक्की शिकवा. रक्कम विचारल्याशिवाय बोट ठेवायचं नाही. व्यवहार झाला असो वा फसला असो, पावती घेतल्याशिवाय उठायचं नाही. आणि फसवणुकीची शंका आली तर त्याच दिवशी १९३० वर फोन करायचा.