जिलाँगची शाळा आणि तिचा बंब

एक चौदा वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. कडाक्याची थंडी आहे, आजूबाजूला डोंगर आणि निलगिरीची उंच झाडे आहेत. मुलाला अंघोळीला गरम पाणी हवे आहे. पण बंब थंडगार पडला आहे, कारण काल सरपण फोडायची पाळी ज्याची होती त्याने आळस केला. आता हा मुलगा कुऱ्हाड उचलणार, ढलप्या काढणार, जाळ करणार, आणि मग कुठे पाणी तापणार.

तुम्ही म्हणाल, यात नवल ते काय? आमच्या घरी तर हे रोजचेच होते! खरे आहे. नवल पुढेच आहे. हा मुलगा ज्या शाळेत शिकतो, तिथे वसतिगृहात राहून शिकायचा वर्षाचा खर्च पाऊण लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या पुढे जातो. आपल्या हिशेबाने चाळीस लाख रुपयांवर. म्हणजे आईबापांनी एवढे पैसे मोजायचे, आणि पोराने लाकडे फोडायची. हा व्यवहार काय आहे, ते आज पाहू या.

शाळेचे नाव जिलाँग ग्रामर स्कूल. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला व्हिक्टोरिया हे राज्य आहे, मेलबर्न ही त्याची राजधानी. मेलबर्नपासून सुमारे पाऊणशे किलोमीटरवर समुद्राच्या खाडीकाठी जिलाँग हे गाव आहे. पूर्वी लोकरीचे मोठे बंदर म्हणून त्याची ख्याती होती. तिथल्या अँग्लिकन पंथाच्या धर्मगुरूंनी १८५५ साली ही शाळा काढली. अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या कुळातला ख्रिस्ती पंथ. आपल्या नाशिकजवळ देवळालीला १९२५ पासून बार्न्स स्कूल आहे, तिचे मूळही याच पंथाच्या मुंबईतल्या जुन्या धर्मादाय शाळेत आहे. जिलाँगची शाळा ‘स्वतंत्र’ म्हणवते, याचा अर्थ एवढाच की ती सरकार चालवत नाही, तिचे स्वतःचे नियामक मंडळ चालवते. मात्र ऑस्ट्रेलियात अशा शाळांनाही सरकारकडून काही अनुदान मिळते, आणि त्यावरून तिथे वर्षानुवर्षे वाद चालू आहेत. शाळेत प्रार्थनामंदिर आहे, धर्मोपदेशक आहे. मुले मात्र सर्व धर्मांची येतात. काही जवळपासची, संध्याकाळी घरी जाणारी. काही दूरच्या मेंढवाड्यांवरून किंवा परदेशांतून येऊन तिथेच राहणारी.

सुरुवातीला शाळेची दैना झाली. पैशाचे गणित चुकले आणि १८६० साली तिला टाळे लागले. १८६३ साली ती पुन्हा उघडली, आणि ब्रेसब्रिज विल्सन नावाच्या मुख्याध्यापकाने पुढे तीस वर्षांहून अधिक काळ ती सांभाळली. हा गृहस्थ मोठा छांदिष्ट होता. समुद्राच्या तळाशी जाळी ओढून शेवाळे आणि स्पंज गोळा करायचा त्याला नाद होता, आणि त्या संग्रहाला शास्त्रज्ञ मान देत. मुख्याध्यापकाला असा एखादा नाद असावा, असे मला आपले वाटते. १९१४ साली शाळा गावाबाहेर कोरायो इथे खाडीकाठी मोकळ्या जागेत गेली.

शाळेला आजचे रूप दिले ते जेम्स डार्लिंग यांनी. १९३० साली तिशीतला हा तरुण इंग्लंडहून मुख्याध्यापक म्हणून आला आणि १९६१ पर्यंत राहिला. माणसे पारखण्याची त्यांची हातोटी एका गोष्टीवरून कळेल. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडने आपल्याकडच्या हजारो जर्मन निर्वासितांना संशयावरून पकडून ‘ड्युनेरा’ या बोटीने ऑस्ट्रेलियाला धाडले होते. काटेरी तारांच्या छावणीत त्यांना डांबले होते. त्यांत लुडविग हिर्शफेल्ड-माक नावाचा चित्रकार होता, जर्मनीतल्या प्रसिद्ध बाउहाउस कलाशाळेत तयार झालेला. डार्लिंगना हे कळले. त्यांनी खटपट करून १९४२ साली त्याला सोडवून आणले आणि चित्रकला शिक्षक नेमले. युद्ध शत्रूशी चालू, आणि शत्रूच्या देशातला माणूस मुलांच्या वर्गावर! तो १९५७ पर्यंत तिथे शिकवत होता.

आता त्या बंबाकडे येऊ. तेरा-चौदा-पंधरा हे वय कसे असते ते शिक्षकांना सांगायला नको. मूल धड लहान नसते, धड मोठे नसते. पुस्तकात जीव रमत नाही, अंगात रग मावत नाही. डार्लिंगनी ठरवले की या वयाच्या मुलांना एक पुरते वर्ष शाळेतून उचलून डोंगरात न्यायचे. मॅन्सफील्ड गावाजवळ, मेलबर्नपासून दोनएकशे किलोमीटरवर, १९५३ साली ‘टिंबरटॉप’ सुरू झाले. पहिल्या तुकड्यांतल्या मुलांनी तिथली बांधकामेही आपल्या हातांनी केली.

आजही नववीचा अख्खा वर्ग वर्षभर तिथे राहतो, आता मुलीही. पंधरा-सोळा जणांची एक कुटी. कुटीची झाडलोट, सरपण, बंब, सगळे त्यांच्याकडे. वर्ग भरतात, गणित-विज्ञान सुटत नाही. पण आठवड्याच्या शेवटी पाठीवर पिशवी टाकून डोंगर चढायचे. तंबू, शिधा, नकाशा सगळे स्वतःचे स्वतः. सुरुवातीला एक मुक्काम, पुढे पुढे पाच-सहा दिवसांची भटकंती. तिकडे ऋतू आपल्या उलट. जून ते ऑगस्ट हिवाळा, तेव्हा बर्फावरून घसरपट्टी खेळायला शिकायचे. आठवड्यातून अनेकदा डोंगरवाटांनी पळायचे. मोबाइल नाही. घरी काही कळवायचे तर कागदावर पत्र लिहायचे, आणि उत्तराची वाट पाहायची. आईबापांना म्हणे पोराचे अक्षर याच वर्षी पहिल्यांदा नीट पाहायला मिळते!

यातली गोम अशी. पाणी गार राहिले तर मास्तर रागावत नाहीत. ज्याने लाकडे फोडली नाहीत त्याच्यासकट पंधराही जण गारठतात, आणि त्याला जे काय ऐकावे लागते ते सोबत्यांकडून. शिक्षा करायला वेगळा माणूस लागतच नाही. आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोराला हे दारे धरताना समजते. वाफ्याचे पाणी चुकले की पीक बोलते.

१९६६ साली इंग्लंडचा राजपुत्र चार्ल्स, म्हणजे २०२२ पासूनचे तिथले राजे, सतरा वर्षांचा असताना दोन सत्रे टिंबरटॉपला राहिला होता. तो आला तो स्कॉटलंडमधल्या गॉर्डनस्टन शाळेतून. ती शाळा हिटलरच्या राजवटीतून निसटलेल्या कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने १९३४ साली काढली. कष्ट, साहस आणि इतरांची सेवा हे शिक्षणाचेच भाग, असे हान मानत. त्यांच्याच कल्पनेतून १९६२ साली वेल्समध्ये वेगवेगळ्या देशांतल्या मुलांना एकत्र शिकवणारे अटलांटिक कॉलेज निघाले, आणि त्याच साखळीतले एक कॉलेज १९९७ पासून आपल्या पुणे जिल्ह्यात मुळशीच्या खोऱ्यात आहे. पाहा, धागा कुठून कुठे येतो!

मुळशीच्या आणि जिलाँगच्या मुलांना जोडणारी आणखी एक गोष्ट म्हणजे ‘इंटरनॅशनल बॅकलॉरिएट’ ही परीक्षा. लोक तिला आयबी म्हणतात. तिचे मंडळ १९६८ साली जिनिव्हात स्थापन झाले. बदलीच्या नोकरीमुळे देशोदेशी फिरणाऱ्यांच्या मुलांची अडचण होई. एका देशाची शालान्त परीक्षा दुसऱ्या देशाचे विद्यापीठ मानत नसे. म्हणून सर्वत्र चालेल असा अभ्यासक्रम तयार केला. जिलाँगमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांपुढे दोन वाटा असतात. एक व्हिक्टोरिया राज्याची परीक्षा, दुसरी आयबी. लहान वर्गांनाही आयबीचीच प्राथमिक पद्धत आहे.

आयबीत सहा विषय घ्यायचे, प्रत्येकाला जास्तीत जास्त सात गुण. शिवाय चार हजार शब्दांचा एक निबंध. त्याचा विषय मुलाने स्वतः शोधायचा, पुस्तके धुंडाळायची, मांडणी स्वतःची करायची. गाइड उघडून उतरवण्याची सोय नाही. ‘आपल्याला जे माहीत आहे, ते कशावरून माहीत आहे?’ असा प्रश्न विचारणारा एक वेगळा अभ्यास असतो. निबंध आणि हा अभ्यास मिळून तीन गुण, म्हणजे एकूण पंचेचाळीस. आणि कला, खेळ, सेवा यांसाठी वेळ दिल्याशिवाय प्रमाणपत्रच मिळत नाही. यातला तो निबंध मला फार मोलाचा वाटतो, आणि त्याला चाळीस लाख लागत नाहीत. आपल्या गावातल्या विहिरी किती, कोणी खणल्या, कधी आटल्या, यावर नववीतला मुलगा पंधरा पाने लिहू शकतो. मास्तरांनी फक्त उत्तर आधी सांगायचे नाही.

इथवर ऐकून कुणाला वाटेल की सगळे गोडच आहे. तसे नाही. मूल घरापासून दूर ठेवणे ही जोखीम आहे, आणि नामांकित शाळेतही ती टळत नाही. ऑस्ट्रेलियात २०१३ ते २०१७ या काळात संस्थांमधल्या बालकांच्या लैंगिक छळाची चौकशी करायला सरकारी आयोग बसला होता. २०१५ च्या सप्टेंबरात त्याने जिलाँग ग्रामरच्या प्रकरणाची जाहीर सुनावणी घेतली. पूर्वी तिथे शिकलेली, आता पिकल्या केसांची माणसे पुढे आली आणि वसतिगृहात आपल्यावर काय गुदरले ते त्यांनी सांगितले. तक्रार पुढे आली तेव्हा तिची नीट दखल घेतली गेली नाही, असे काही प्रकरणांत आयोगाला आढळले. शाळेने माफी मागितली. जंगलात कुऱ्हाड चालवायला शिकवून मूल धीट होते हे खरे, पण आपल्यावर अधिकार असलेल्या माणसाविरुद्ध तोंड उघडायला जो धीर लागतो तो वेगळाच असतो. शिवाय मुलाने तोंड उघडले तरी ऐकणारा कोणीतरी असावा लागतो.

२०१६ पासून व्हिक्टोरियात बालसुरक्षेची ठराविक मानके पाळणे शाळांना बंधनकारक झाले आहे. आपल्याकडे २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. असा प्रकार कळला आणि तो पोलिसांना कळवला नाही, तर न कळवणे हाच गुन्हा ठरतो. मग तो शिक्षक असो, वसतिगृहाचा अधीक्षक असो, नाहीतर संस्थेचा चालक. ‘संस्थेचे नाव खराब होईल’ ही सबब तिथे चालत नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक वसतिगृहाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा, आणि तो लहानग्यांनाही वाचता येईल एवढ्या उंचीवर असावा.