चेनसॉची साखळी आणि पट्टी जास्त दिवस कशी टिकवाल?

कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे माहेर असलेले असोदा गाव जळगाव शहराजवळच आहे. या पट्ट्यात घरोघरी गॅस आला असला, तरी लग्नकार्याचा स्वयंपाक, हॉटेलांच्या भट्ट्या आणि थंडीत पाणी तापविणे यासाठी जळाऊ लाकूड आजही लागते. बांधावरची बाभूळ आणि निंब तोडण्याच्या कामात कुऱ्हाडीच्या जोडीला चेनसॉ आला आहे. मशीन घेणारा इंजिनकडे लक्ष देतो. पण त्याची कमाई हळूहळू खाते ती साखळी आणि पट्टी. म्हणून या दोन भागांविषयी आम्ही येथे माहिती देत आहोत.

पहिली गोष्ट तेलाची. साखळी पट्टीच्या खाचेतून प्रचंड वेगाने फिरते. मध्ये तेल नसेल तर लोखंडावर लोखंड घासते, पट्टी तापून निळी पडते. पैसे वाचविण्यासाठी अनेकजण गॅरेजचे जळके ऑइल घालतात. त्यात धातूचा बारीक कीस असतो, शिवाय ते साखळीला चिकटून राहत नाही. साखळीसाठीचे चिकट तेलच वापरावे. खानदेशच्या उन्हाळ्यात तेल पातळ होते, तेव्हा थोडे दाट तेल घ्यावे. पेट्रोल भरताना दर वेळी तेलही भरावे. तेल पोहोचते की नाही हे पाहण्यासाठी मशीन चालू करून पट्टीचे टोक कोऱ्या पुठ्ठ्यासमोर, न टेकवता धरावे. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे.

दुसरी गोष्ट ताणाची. साखळी पट्टीखाली लोंबू नये, पण हातमोजा घालून ओढली तर सहज सरकावी. तापल्यावर साखळी लांबते व थंड झाल्यावर आखडते. म्हणून गरम असताना ताणलेली साखळी काम संपताच सैल करावी. नाहीतर पट्टी आणि इंजिनच्या शाफ्टवर ताण येतो.

तिसरी गोष्ट धारेची. लाकडाचे जाड छिलके पडत असतील तर धार ठीक आहे. पिठासारखा भुसा पडू लागला की थांबावे. बोथट साखळीने काम रेटले की तेल, पेट्रोल आणि पट्टी तिन्ही वाया जातात. शिवाय जोर लावताना मशीन उसळून कापणाऱ्याच्या अंगावर येण्याचा धोका वाढतो. ०.३२५ इंच पिचच्या साखळीला ४.८ मि.मी.ची, तर ३/८ इंच लो-प्रोफाइल साखळीला ४ मि.मी.ची गोल कानस लागते. प्रत्येक दातावर सारखेच हात मारावेत, कानस पुढच्या दिशेनेच चालवावी. एका बाजूचे दात लहान झाले की काप वाकडा जातो आणि पट्टीची एकच कड झिजते. दातापुढचा डेप्थ गेज साधारण ०.६५ मि.मी. खाली असावा, त्याहून जास्त घासल्यास मशीन उसळते.

चौथी गोष्ट पट्टीची. धार लावताना दर वेळी पट्टी उलटवून बसवावी, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. खाच व तेलाचे छिद्र साफ करावे. कडेला आलेली धारदार कोर चपट्या कानशीने काढावी. एका स्प्रॉकेटवर दोन-तीन साखळ्या आलटून पालटून वापराव्यात. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी साखळी चढविल्यास तीही लवकर खराब होते.

लाकडाकडेही पाहावे. वाळलेली बाभूळ फार कठीण असते. ती ओली असतानाच तुकडे करून मग वाळत घालावी. बुंध्याची माती खरवडून काढावी. बांधावरच्या झाडात जुने खिळे व काटेरी तार रुतलेली असते, ती आधी शोधावी. ओंडका दुसऱ्या लाकडावर ठेवून कापावा. साखळी एकदा जमिनीला टेकली की सकाळची धार गेलीच.

एक सूचना. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार ठराविक झाडांना परवानगी लागते. चौकशी करूनच काम घ्यावे.

दिवसाअखेरची दहा मिनिटे या कामाला द्यावीत. रोजंदारीवर मशीन चालविणाऱ्याच्या हातात महिन्याकाठी काय उरते, ते याच दहा मिनिटांवर ठरते.