अर्क कशात काढला?

नागपूरच्या महालातल्या आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात हल्ली बाटलीवर ‘शंभर टक्के नैसर्गिक, केमिकल-फ्री’ असं ठळक छापलेलं दिसतं. आतला अर्क कशात काढला, ते मात्र क्वचितच सापडतं. पाणी, तेल, तूप, मद्यार्क, हेक्झेन यांपैकी कोणता तरी द्रावक लागतोच. आणि पाणीही केमिकलच.

गैरसमज: काढा उकळला की वनस्पतीतलं सगळं पाण्यात उतरतं.

हळदीतलं करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. भिवापुरी मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिनही तसंच. तर्री-पोह्यांवरचा तो लाल तवंग पाहा: मिरचीचा रंग आणि तिखटपणा तेलानं ओढून घेतलेला असतो, खालच्या रश्श्यानं नव्हे. सिद्ध तेलं आणि तुपं करणाऱ्या वैद्यांना हे अनुभवानं माहीत होतं. आसव-अरिष्टात गूळ आणि धायटीची फुलं घालून आंबवलं की आतच मद्यार्क तयार होतो, साधारण ५ ते १० टक्के, आणि पाण्याला न जमणारे घटक तो बाहेर काढतो. ‘अरिष्टात दारू नसते’ असं घरोघरी सांगतात. असते, वरून ओतलेली नसते, एवढंच.

पाण्यालाही थोडी मदत मिळाली तर चित्र बदलतं. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत विलास गायकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२-०३च्या सुमारास पाण्यात विशिष्ट क्षार मिसळून मिरीतलं पायपरिन आणि हळदीतलं करक्युमिन वेगळं करून दाखवलं. द्रावणात आणखी पाणी घातलं की विरघळलेला घटक आपोआप खाली बसतो. ते क्षार कारखान्यात बनलेले, म्हणजे ‘नैसर्गिक’ नव्हेत. पण ज्वालाग्राही द्रावक टळला.

गैरसमज: द्रावक निसर्गातून आला म्हणजे निर्धोक.

याचं उदाहरण शोधायला नागपूरकरांना लांब जायला नको. संत्र्याच्या सालीतल्या तेलात बहुतांश लिमोनिन असतं आणि बियांतून तेल काढायला हेक्झेनऐवजी ते वापरता येतं. हेक्झेन पेट्रोलियमपासून मिळतं, त्याची वाफ वर्षानुवर्षं हुंगणाऱ्या कामगारांच्या मज्जातंतूंना इजा होते; तेव्हा पर्याय हवाच. पण लिमोनिनही पेट घेतं, हवेत राहून जुनं झालं की त्वचेला ॲलर्जी आणतं, जलचरांना ते विषारी आहे. शिवाय हेक्झेन ६९ अंशांना उकळतं, लिमोनिन १७६ला. म्हणजे शेवटी ते उडवून लावायला उष्णता जास्त, इंधन जास्त. त्यात आपली संत्री बहुतेक ताजीच खाल्ली जातात. साल घरोघरच्या कचऱ्यात जाते, ती गोळा करायची कोणी?

उलट, रिफाइन्ड तेलात हेक्झेन भरलेलं असतं ही भीतीही अवास्तव आहे. ते उडवून टाकतात आणि भारतात किलोमागे ५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. हेक्झेनविरुद्धचा खरा मुद्दा कामगार, आग आणि हवा हा आहे.

गैरसमज: साखर आणि सायट्रिक आम्लाचे नवे द्रावक सगळ्यांची जागा घेतील.

२०११मध्ये नेदरलँड्सच्या लायडन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की साखर, सेंद्रिय आम्लं, कोलिन असे पेशीतलेच घन पदार्थ ठरावीक प्रमाणात एकत्र केले की ते द्रव होतात आणि पाण्यात न विरघळणारे घटकही विरघळवतात. कल्पना सुरेख आहे. पण हे द्रव पाकासारखे घट्ट असतात आणि उडून जात नाहीत. अर्क द्रावकासकट खाता किंवा लावता येत असेल तर उत्तम. शुद्ध घटक हवा असेल तर पंचाईत.

उडून जाण्याच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइड अव्वल. ३१ अंश तापमान आणि सुमारे ७३ वातावरण दाब यांच्या पलीकडे तो धड वायूही राहत नाही, धड द्रवही. ३१ अंश आपल्याकडे मे महिन्यात फुकटच मिळतात. पैसे लागतात ते दाबाचे. कॉफीतलं कॅफिन काढायला तो वापरतात. हळदीतून मात्र त्यात सुगंधी तेल छान उतरतं, करक्युमिन फारसं येत नाही. त्यासाठी पुन्हा मद्यार्कच गाठावा लागतो.