दुभत्या जनावरांसाठी धान्याची निवड

दूध उतरू लागले की पशुपालक प्रथम धान्याकडे वळतो. घरात असेल ते धान्य भिजवून अथवा शिजवून जनावरापुढे ठेवले जाते. तथापि सर्व धान्ये पोटात सारखी पचत नाहीत. हा फरक ध्यानात न घेतल्यास दूध वाढण्याऐवजी प्रसंगी जनावरच हातचे जाते.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात असंख्य सूक्ष्म जीव चारा आंबवीत असतात. धान्यातील पिष्ट ते चाऱ्यापेक्षा फार लवकर आंबवितात. गव्हातील पिष्ट झपाट्याने आंबते, मका व ज्वारी यांतील तुलनेने सावकाश. कोणतेही धान्य शिजविले की हा वेग आणखी वाढतो. एकाएकी पुष्कळ धान्य पोटात गेल्यास लॅक्टिक आम्ल साचते, जनावर चारा सोडते, रवंथ थांबते, शेण पातळ व आंबूस होते. लग्नकार्यात उरलेला भात टोपल्यांनी गोठ्यात रिता केला जातो. त्यात पुण्य असेल तर असो, गाईच्या जिवाला मात्र धोका असतो. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यकास बोलवावे.

मक्यात पिष्ट सुमारे ७० टक्के, परंतु प्रथिने केवळ ८ ते १० टक्के असतात. म्हणून त्यास सरकी, शेंगदाणा अथवा खोबऱ्याच्या पेंडीची जोड हवी. बाजरीत प्रथिने मक्याहून किंचित अधिक. ज्वारी स्वस्त मिळाल्यास मक्याची जागा बव्हंशी घेऊ शकते, परंतु अख्खा दाणा पुष्कळदा शेणातून तसाच बाहेर पडतो. धान्य भरडूनच द्यावे; बारीक पीठ करू नये, कारण पीठ अधिक वेगाने आंबते.

पावसात भिजलेले, बुरशी धरलेले धान्य 'जनावरांना चालेल' म्हणून बाजूस काढण्याची सवय घातक आहे. बुरशीतील अफ्लाटॉक्सिन हे विष शिजवूनही पुरते नष्ट होत नाही आणि त्याचा अंश दुधात उतरतो. ते दूध घरातील मुलेच पितात. मका साठविण्यापूर्वी पूर्ण वाळवावा. ओलावा १२ ते १३ टक्क्यांहून अधिक नसावा.

धान्य, पेंड व कोंडा मिळून होणारे आंबोण गाईस दर अडीच लिटर दुधामागे व म्हशीस दर दोन लिटरांमागे सुमारे १ किलो द्यावे. त्यात धान्याचा वाटा साधारण एक तृतीयांश पुरतो. धान्यात चुना अल्प असल्याने क्षारमिश्रण व मीठ रोज घालावे. नवे धान्य सुरू करताना १० ते १४ दिवसांत थोडे थोडे वाढवीत न्यावे, आणि आंबोणापूर्वी वैरण घालावी.