क्वारंटीन : चाळिसांची हरवलेली गणती

लंडन.

नाव जुने ठेवावे आणि आतील वस्तू सोयीप्रमाणे पालटावी, हा इंग्रजांचा स्वभाव त्यांच्या राजसिंहासनापासून न्यायाधीशांच्या टोपापर्यंत सर्वत्र आढळतो. परंतु त्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे आपणही उसने घेतलेला ‘क्वारंटीन’ हा शब्द.

शब्द मूळचा व्हेनिसचा. ‘क्वारांता’ म्हणजे चाळीस. 1348 च्या महामारीने युरोप उजाड केल्यावर, 1377 साली एड्रियाटिकच्या पलीकडील रागूझा बंदराने रोगग्रस्त मुलखातून येणाऱ्यांस तीस दिवस शहराबाहेर थांबविण्याचा हुकूम काढला; पुढे हीच मुदत चाळिसांवर गेली. ख्रिस्ती उपवासपर्वाचे दिवस चाळीस, मोशेचे पर्वतावरील वास्तव्यही चाळीस दिवसांचे. तेव्हा या अंकाला धर्माचा आधार आयताच होता. व्हेनिसने 1468 मध्ये संशयित गलबतांसाठी लाझारेत्तो नुओव्हो हे बेट राखून ठेवले. तेथे मालाला हवा व सुगंधी वनस्पतींची धुरी देत, आणि खोळंबलेले व्यापारी व हमाल वखारीच्या भिंतींवर गेरूने आपली नावे, चिन्हे आणि आपण कोठून आलो हे लिहून ठेवीत. ती अक्षरे अद्यापि वाचता येतात.

इंग्लंडात चाळिसांच्या मुदतीचा एक निराळा प्रकार पूर्वीच रुजला होता. 1215 च्या मॅग्ना कार्टाने विधवेस पतीच्या घरात चाळीस दिवस राहण्याचा हक्क दिला, आणि त्या हक्कालाही कायदेपंडित हेच नाव देत. मात्र बंदरावरील शब्दाचे गणित इथे लवकरच सुटले. 1663 साली हॉलंडकडून येणाऱ्या जहाजांना तीस दिवस रोखण्याची चर्चा चालली असता, आरमारखात्यातील अधिकारी सॅम्युअल पेप्स याने आपल्या रोजनिशीत मार्मिक नोंद केली की, या शब्दाने आता काळ नव्हे तर कृती दर्शविली जाते. पुढे परदेशातून येणाऱ्या कुत्र्यामांजरांना रेबीजच्या भयाने सहा महिने कोंडीत, तेही क्वारंटीनच. 2020 साली प्रवाशांना चौदा दिवस घरी बसविले, तेही क्वारंटीनच.

अंक गळाला, की मुदत अंमलदाराच्या मर्जीवर येते, आणि इथेच या शब्दाचा आपल्याशी संबंध जुळतो. जहाजे अडवून ठेवल्याने व्यापार बुडतो म्हणून इंग्रज व्यापारी या पद्धतीवर सदैव नाराज असत. 1896 साली पार्लमेंटने क्वारंटीनचा जुना कायदा रद्द केला, आणि आजारी उतारूस इस्पितळात पाठवून निरोगी उतारूचा पत्ता लिहून घेऊन त्यास घरी जाऊ देणे, एवढ्यावरच येथील बंदरांचा कारभार चालू लागला. त्याच वर्षी मुंबईत प्लेग उद्भवला. त्याच्या धास्तीने 1897 मध्ये आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तीही व्हेनिसलाच. त्याच साली पुण्यात मात्र गोरे सोजीर घराघरांत शिरून माणसे छावण्यांत नेत होते. रोग एक, राज्यकर्ते एक, शास्त्रही एकच. पण लंडनच्या उतारूवर जो विश्वास टाकला, तो पुण्याच्या रहिवाशावर टाकला नाही. विलगीकरणाच्या कायद्याची परीक्षा म्हणूनच दिवसांच्या संख्येवर संपत नाही. कोणाच्या शब्दावर सरकार विश्वास ठेवते आणि कोणाच्या दारी शिपाई धाडते, हेही त्यात पाहावे लागते.