फ्रीजमागचा ट्रे कुणी पाहिलाय?

पावसाळा लागला की महापालिकांची डेंग्यूची पत्रकं सुरू होतात. कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचे टायर, उघडी पिंपं आणि फ्रीजचा ट्रे ही यादी वाचकांना आता पाठ असेल. पहिल्या तिन्हींबद्दल कुणाला शंका नसते. चौथ्यापाशी मात्र घोळ होतो. तपासणीला आलेल्या कर्मचाऱ्याला बरेच जण दार उघडून भाजीचा ट्रे दाखवतात. त्याला पाहायचा असतो मागचा, कॉम्प्रेसरच्या डोक्यावर बसवलेला ट्रे. फ्रीज भिंतीला टेकवला त्या दिवसापासून त्याचं दर्शन कुणी घेतलेलं नसतं.

‘फ्रीजमधून पाणी गळतंय’ ही तक्रारही नेमकी याच दिवसांतली. हा योगायोग नाही. गळती आणि डास, दोन्ही एकाच वाटेवर भेटतात.

पाण्याची वाट

फ्रीज रोज पाणी तयार करतो. तो त्याचा दोष नव्हे, ते त्याचं कामच आहे. आतली हवा गार नळ्यांना लागली की तिच्यातल्या बाष्पाचा बर्फ होतो. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये एक छोटा हीटर हा बर्फ ठरावीक वेळाने आपोआप वितळवतो. सिंगल डोअर असेल तर बहुधा आपल्याला बटण दाबावं लागतं. वितळलेलं पाणी एका भोकातून नळीत, नळीतून मागच्या ट्रेत जातं आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने उडून जातं. काही साध्या मॉडेलमध्ये ते फ्रीझरखालच्या ट्रेतच साठतं, तो आपणच ओतायचा. गळती म्हणजे ही वाट कुठेतरी तुंबली, फुटली किंवा तिच्यात झेपणार नाही इतकं पाणी आलं.

मग हे पावसाळ्यातच का? हिशेब करून पाहू. तापमान 30 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल, तर एक घनमीटर हवेत सुमारे 26 ग्रॅम बाष्प असतं. चार अंशांवरची हवा मात्र साडेसहा ग्रॅमपेक्षा जास्त बाष्प धरूच शकत नाही. उरलेलं पाणी होऊन बसतं. 250 लिटरच्या रिकाम्या फ्रीजमधली सगळी हवा एकदा बदलली, तर जवळजवळ पाच ग्रॅम म्हणजे एक चहाचा चमचाभर पाणी आत आलं. ‘काय खाऊ’ म्हणत दार धरून उभ्या राहणाऱ्या घरातल्या मंडळींना हे जरूर सांगा. उलट एप्रिलच्या दुपारी, 40 अंश तापमानात आणि 15 टक्के आर्द्रतेत, एक घनमीटर हवेत जेमतेम सात-आठ ग्रॅम बाष्प असतं. म्हणून नागपुरात मे महिन्यात सुतासारखा चालणारा फ्रीज रत्नागिरीत जुलैमध्ये रडतो. शिवाय दमट हवेत ट्रेमधलं पाणीही लवकर उडत नाही. आवक वाढते आणि जावक घटते.

पाणी कुठे दिसतं?

मेकॅनिकला फोन करण्याआधी एवढं पाहावं. भाजीच्या ट्रेखाली आतच पाणी साचत असेल, तर भोक तुंबलं आहे. कोथिंबिरीची काडी, भाताचं शीत, बुळबुळीत बुरशी असं काहीही त्यात अडकतं. सिंगल डोअरमध्ये हे भोक बहुधा आतल्या मागच्या भिंतीच्या तळाशी दिसतं. प्लग काढा, भोक पुसा आणि सुई नसलेल्या सिरिंजने कोमट पाणी हळूहळू सोडा. मागच्या ट्रेत ते उतरलं की वाट मोकळी. तार किंवा स्क्रू-ड्रायव्हर खुपसू नका. फ्रॉस्ट-फ्रीमध्ये भोक फ्रीझरच्या पॅनेलमागे असतं. तिथे फ्रीज रिकामा करून, दारं उघडी ठेवून दिवसभर बंद ठेवला तर आत अडकलेला बर्फ वितळतो. काही आठवड्यांत तीच गळती परत आली, तर हीटर, टायमर किंवा सेन्सर तपासायला माणूस बोलवा.

पाणी मागच्या बाजूला जमिनीवर येत असेल, तर ट्रे सरकलाय, तडकलाय किंवा भरून वाहतोय. दाराच्या कडेला थेंब दिसत असतील, तर रबर तपासा. दारात कागद धरून दार लावा. तो सहज ओढून निघाला, तर तिथून बाहेरची हवा आत जाते आहे. आधी रबर साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पाहा, बदलायचं नंतर. वीज बराच वेळ गेल्यावरच ओघळ येत असेल, तर आत बर्फाचे थर साठले आहेत. ते सुरीने खरवडू नका. सुरीचं टोक पत्र्यात घुसलं की गॅसची नळी फुटते आणि फुकट सुटणाऱ्या दुखण्याचं ऑपरेशन होतं.

गॅसचा काय संबंध?

आता थोडं कडू. पाणी गळतंय म्हणून आलेला माणूस ‘गॅस गेलाय, भरावा लागेल’ म्हणाला, तर चहा पाजून निरोप द्यावा. आजच्या बऱ्याच घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन, म्हणजे आर-600ए, असतो, तोही अगदी थोडा. तो गळला तर हवेत जातो, फरशीवर थेंबथेंब पडत नाही. गॅस गेल्याचं लक्षण म्हणजे थंडावा जाणं. दूध टिकतंय, बर्फ जमतोय आणि तरी गॅसचं बिल? कारण विचारा. हा गॅस ज्वालाग्राही असतो, त्यामुळे खरंच भरायचा असेल तर जाणकार माणूसच हवा.

ट्रेकडे वळू. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा साठलेलं पाणी ओतून टाकायचा ‘कोरडा दिवस’. पण पाणी नुसतं ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. ट्रे घासावा लागतो. तो काढताना प्लग काढलेला हवा, हात कोरडे हवेत. कॉम्प्रेसर तापलेला असतो, त्याला आधी निवू द्या.

आणि घोडं इथेच अडतं. अनेक फ्रीजमध्ये हा ट्रे कॉम्प्रेसरवर स्क्रूने किंवा खाचेत पक्का बसवलेला असतो. महापालिका म्हणते दर आठवड्याला घासा, कंपनीने तो निघूच नये अशी सोय केलेली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा घरगुती उपकरणंही तिच्या कक्षेत होती. या हक्काची चर्चा सुटे भाग आणि माहितीपत्रकांभोवती फिरते. माझी मागणी त्याहून लहान आहे. दारावर वीजबचतीचे तारे छापणं जसं सक्तीचं, तसंच मागच्या पत्र्यावर भोक, नळी आणि ट्रे कुठे आहेत याचं चित्र सक्तीचं करा, आणि ट्रे स्क्रू-ड्रायव्हरशिवाय निघाला पाहिजे असा नियम करा. तोवर दुकानात फ्रीज पसंत करण्याआधी विक्रेत्याला तो फिरवायला लावा. तो कुरकुरेल. कुरकुरू द्या, पैसे तुमचे आहेत.